घानाचा साग

"बर्माचा परवडायचा नाही दादा, हा घानाचा घ्या," वखारवाला म्हणाला. दाराच्या चौकटीसाठी लाकूड बघत होतो.

ओंडक्याच्या टोकाला रंगाने टाकलेला नंबर. कडेला फिकट, पांढरट लाकडाचा जाड पट्टा. वलयं चांगली रुंद. भरभर वाढलेलं आणि लवकर तोडलेलं झाड.

म्यानमारने, म्हणजे जुन्या बर्माने, २०१४ मध्ये अख्खे ओंडके निर्यात करणं बंद केलं. आता घाना, इक्वेडोरच्या लागवडीतला साग कंटेनर भरभरून आपल्याकडे येतो. खरं तर साग मूळचा आपल्याकडचा, म्यानमार-थायलंडकडचा. आफ्रिकेत तो माणसाने नेऊन लावला.

भाव, घनफूट, सगळं नीट विचारून झालं. पण आपल्या दारांसाठी साग लावला, त्या जमिनीवर आधी काय उभं होतं, हे वखारीत कुणी विचारतं का?