चहा कुठे घेतलास?

मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. कोविडच्या आधी हे सांगितलं की नातेवाईक विचारायचे, "म्हणजे नेमकं करतेस काय?" कॅथेटरमुळे कुणाला लघवीचा संसर्ग झाला, कुणाच्या टाक्यांत पू झाला, व्हेंटिलेटरवरच्या कुणाला न्यूमोनिया झाला, याच्या नोंदी ठेवायच्या. आणि कोण हात धुतं, कोण नाही हे बघत वॉर्डात फिरायचं. मी दिसले की लोक घाईघाईने सॅनिटायझर चोळायला लागायचे. थोडक्यात, फौजदारकीच. पुढे हीच प्रतिमा मला नडली.

जुलै २०२०. पुण्यातलं आमचं मध्यम आकाराचं ट्रस्टचं हॉस्पिटल. कोविड वॉर्ड वेगळ्या मजल्यावर होता. तिथे सगळे पीपीई किटमध्ये घामाने निथळत असायचे, पण तिथली मला तेवढी धास्ती नव्हती. केस निघाली ऑर्थोच्या पुरुष वॉर्डात. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा. भरती होताना स्वॅब निगेटिव्ह, ऑपरेशन व्यवस्थित, आणि सहाव्या दिवशी ताप. पुन्हा स्वॅब पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पर्स उचलून निघतच होते, तेवढ्यात लॅबचा फोन आला. पॉझिटिव्ह.

पर्स परत खुर्चीवर.

ताप येण्याच्या दोन दिवस आधीपासून त्यांच्याजवळ कोण कोण आलं, ते शोधायचं होतं. मास्कशिवाय एक मीटरच्या आत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ असेल तर हाय रिस्क. औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर किंवा घशातला कफ ओढणारं सक्शन चालू असताना पुरेशा साधनांशिवाय जवळ असेल, तरी हाय रिस्क. अशांना क्वारंटाइन, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तेव्हाच्या नियमाप्रमाणे लक्षणं नसली तरी पाचव्या ते दहाव्या दिवसात एकदा स्वॅब. बाकीच्यांनी मास्क लावून काम करायचं आणि ताप-खोकल्यावर लक्ष ठेवायचं.

ड्युटी रजिस्टरवरून एकोणीस नावं काढली. त्यातल्या दोघींनी आपसात नाइट बदलून घेतली होती, ते रजिस्टरला ठाऊकच नव्हतं. एक्स-रेचं पोर्टेबल मशीन घेऊन आलेला टेक्निशियन आणि फिजिओथेरपिस्ट तर केसपेपर चाळताना सापडले. मग एकेकाला बोलावलं. प्रत्येकाचं उत्तर एकच: "मास्क होता, सिस्टर." एकोणीसच्या एकोणीस जणांनी आठ तासांत एकदाही मास्क खाली केला नाही म्हणे! इन्चार्ज सिस्टर मागे उभ्या राहून मनातल्या मनात हिशोब करत होत्या: हिने सहा जणी घरी पाठवल्या तर उद्याची नाइट कोण करणार? त्यांचंही चुकत नव्हतं. दोघीच हाय रिस्क ठरल्या. यादी सही करून मेट्रनच्या टेबलावर ठेवली.

आजोबांना ताप आल्याच्या पाचव्या दिवशी एका ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, ताप आला. माझ्या यादीत त्याचं नावच नव्हतं. त्याचे पेशंट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, आजोबांच्या खाटेजवळ तो फिरकलाही नव्हता.

या वेळी त्याला ऑफिसात बोलावलं नाही. फोन केला, पण मास्कबद्दल चकार शब्द काढला नाही. नुसतं म्हटलं, "मागच्या आठवड्यातला एखादा दिवस सांग ना. डबा कुठे खाल्लास? चहा कुठे घेतलास?" मग तो बोलता झाला. चहा पँट्रीत. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दाराला चिकटावं एवढी ती खोली, खिडकी सील केलेली. रोज चारच्या सुमाराला तिथे पाच-सहा जण, मास्क हनुवटीवर, स्टीलचा थर्मास मध्ये. आणि चहा गाळून देणाऱ्या मावशी.

मावशी! त्या कंत्राटी. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात त्या 'हाउसकीपिंग ४' होत्या, आमच्या रजिस्टरमध्ये काहीच नव्हत्या. मी धावत वॉर्डात गेले. त्या लादी पुसत होत्या. विचारल्यावर सरळ म्हणाल्या, "म्हाताऱ्याला मीच भरवत होते की. घरच्यांना वर सोडत नव्हते, त्यांचा हात थरथरायचा. अर्धा तास लागायचा दोन चपात्यांना." जेवताना आजोबांना मास्क असणार कुठून? आणि मावशींना आम्ही दिलेला मास्क कापडी होता, तिसऱ्या दिवसाचा.

त्यांचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. सुदैवाने नुसती कणकण आणि तोंडाची चव गेलेली. ब्रदरही बरा झाला. नक्की कुणाकडून कुणाला, हे छातीठोकपणे मी आजही सांगणार नाही. फॉर्मवर मात्र मी हाताने दोन रकाने वाढवले: चहा-डबा कुठे, कुणाबरोबर, आणि पेशंटला भरवलं कुणी. मेट्रन हसल्या, पण झेरॉक्स काढून सगळ्या वॉर्डांत पाठवल्या.

मावशींचे क्वारंटाइनचे पैसे ठेकेदाराने कापले. ते मिळवायला दोन महिने आणि मेट्रनची तीन पत्रं लागली. कामावर परत आल्या त्या दिवशी पँट्रीच्या दारावर मी नोटीस चिकटवत होते, एका वेळी दोघांनीच थांबावं म्हणून. बादली खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तो पोरगा माझ्यामुळं आजारी पडला का हो?"

"चहा सगळ्यांनीच घेतला होता, मावशी," मी म्हटलं, आणि चिकटपट्टीचा तुकडा धरायला त्यांच्या हातात दिला.