आतल्या आवाजाचा अधिकार

मनाला विचार, ते खोटे सांगणार नाही, हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो, की मन नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते आणि कोणत्या प्रश्नात त्याने बोलूच नये, हे विचारायचे राहून जाते. याबाबतीत गांधीजींच्या आयुष्यातले दोन प्रसंग मला फार उपयोगी वाटतात. त्या दोहोंमध्ये जेमतेम नऊ महिन्यांचे अंतर आहे, आणि माणूस तोच असूनही माझा निर्णय दोन्ही वेळी सारखा होत नाही.

पहिला प्रसंग पुण्यातला. 1933 च्या एप्रिलअखेरीस येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या कामासाठी, स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या शुद्धीसाठी, 21 दिवसांच्या उपोषणाचा निश्चय जाहीर केला. या निश्चयामागे एका रात्री ऐकू आलेला ईश्वराचा आवाज होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नंतर दिलेल्या वृत्तान्तात मला महत्त्वाचा वाटतो तो आवाजाच्या आधीचा भाग : मनात मोठी घालमेल चालू होती, जबाबदारीच्या ओझ्याखाली वाट दिसत नव्हती, मग आवाज आला, तो तोच असल्याची खात्री त्यांनी करून घेतली आणि घालमेल थांबली. पुरावा मागणाऱ्यांना देण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, ज्याला हा भ्रम वाटेल त्याने तसे खुशाल म्हणावे, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. तुरुंगातूनच जवाहरलाल नेहरूंनी कळवले, की जे मला समजत नाही त्याविषयी मी काय बोलू. 8 मे रोजी उपोषण सुरू झाले, त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडले, आणि उरलेले दिवस त्यांनी लेडी ठाकरसी यांच्या ‘पर्णकुटी’ या बंगल्यात काढले. 29 मे रोजी उपोषण सुटले तेव्हा त्यांचे वय 63 होते.

तो आवाज ईश्वराचा होता, असे मी मानत नाही. तरीही तो खोटा होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्रश्न ‘मी आता काय करावे’ एवढाच होता, उत्तराची किंमत ज्याने ते ऐकले त्याच्याच शरीराने मोजायची होती, आणि ते उत्तर सोयीचे तर मुळीच नव्हते. आपण स्वतःला फसवतो ते बहुधा सोयीच्या दिशेने.

आतून कळण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात गूढ असे काही नाही. माझी मावशी सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. बालरुग्णांच्या कक्षातून रात्री फेरी मारताना ती एखाद्या खाटेशी थबकायची आणि म्हणायची, ‘‘हे लेकरू मला बरं दिसत नाही.’’ मूल शांत झोपल्यासारखेच दिसे. मावशी मात्र त्याचा सदरा वर करून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायची, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते का ते पाहायची, आणि मगच डॉक्टरांना उठवायची. तिच्या मनाने जे हेरले होते ते हजारो मुले पाहून साठलेले ज्ञान होते, आणि तिचा अंदाज बरोबर की चूक हे सकाळपर्यंत कळत असे. हीच मावशी लग्नासाठी दाखवलेल्या मुलांबद्दल ‘‘चेहऱ्यावरूनच कळतं’’ असे तितक्याच ठामपणे सांगायची. तिथे मात्र तिचा अंदाज कुणी पुन्हा तपासत नसे, त्यामुळे तिचा आत्मविश्वास वाढत गेला आणि नजर होती तिथेच राहिली. (ज्या स्थळांना तिने नकार दिला त्यांचे संसार कसे झाले, हे कुणी कशाला कळवील?)

दुसरा प्रसंग 15 जानेवारी 1934 च्या बिहारमधल्या भूकंपानंतरचा. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे मेली. दक्षिणेत हरिजन दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी सांगितले, की ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथांना अस्पृश्यतेचा तिटकारा गांधीजींइतकाच होता, पण त्यांनी जाहीर विरोध केला. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, आणि अशा विचारसरणीला आपले लोक आधीच फार लवकर भुलतात, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो आक्षेप आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला, हे त्यांच्या मोठेपणाला साजेसेच होते. उत्तरात मात्र ते हटले नाहीत. हा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, पण तो आपल्याला आतून जाणवतो, आणि ही श्रद्धा निराधार ठरली तरी तिने आपले व आपल्यासारख्या श्रद्धावानांचे भलेच केलेले असेल, अशा आशयाचे त्यांनी लिहिले.

इथे मी पूर्णपणे रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. जमीन का हादरली हे कुणाच्याही अंतःकरणाला ठाऊक असण्याचे कारण नाही, मग ते अंतःकरण कितीही निर्मळ असो. शिवाय येरवड्यात आवाजाची किंमत ऐकणाऱ्याने स्वतः मोजली होती, आणि बिहारमध्ये त्या जाणिवेचा भार ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांवर पडत होता. भूकंपाने त्यांना गाडताना सवर्ण कोण आणि अस्पृश्य कोण हे पाहिले नव्हते. त्यामुळे ज्यांच्यावर अन्याय झाला होता, तेही त्या अन्यायाच्या शिक्षेचे धनी ठरत होते.