बारा मिनिटांचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्याचं सॉफ्टवेअर मी घरबसल्या सांभाळतो. जानेवारी २०२३, ऐन गाळपाचे दिवस. सोमवारी पहाटे एक चाळीसला फोन वाजला. काटा क्लार्क होता. "सायेब, काट्यावर पावतीच निघंना झालीया. मागं यार्डापतूर ट्रॅक्टर हाईत."

सर्व्हरवर शिरलो. पोस्टग्रेसच्या, म्हणजे पावत्यांच्या डेटाबेसच्या, लॉगमध्ये शेवटची ओळ पॅनिकची, म्हणजे कोसळल्याची, होती, कारण एकच: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. डिस्क किती भरलीय ते सांगणारं डीएफ चालवलं, रूट, म्हणजे सिस्टिमची मुख्य जागा, १०० टक्के भरलेली. झोपेत असलेला माणूस जे करतो तेच मी केलं. जर्नलचे जुने लॉग छाटले, २०० एमबी मोकळे झाले, पोस्टग्रेस उभा राहिला, पावत्या निघू लागल्या. चहा ठेवायला उठलो. चहा उकळून कपात येईपर्यंत पुन्हा फोन. लॉगमधल्या वेळा बघितल्या तर सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत बारा मिनिटं.

बाराच मिनिटं का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. डिस्क लहान आहे, मोठी करू, एवढंच डोक्यात. सर्व्हर म्हणजे व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरवर चालणारी व्हर्च्युअल मशीन, आत सेंटओएस ७ हे लिनक्स, डिस्क १०० जीबीची. त्यात बूटला १, स्वॅपला ८, उरलेले ९१ सगळे रूटला. डेटाबेस, लॉग, सगळं एकाच घरात. इन्स्टॉल करताना तसं मीच ठरवलं होतं, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

व्हीएमवेअरमध्ये डिस्कचा आकडा १०० चा २०० करायला गेलो तर चौकट करड्या रंगाची, आकडा लिहूच देईना. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) असेल तर डिस्क वाढवता येत नाही, हे ठाऊक होतं. स्नॅपशॉट आहे हे ठाऊक नव्हतं. दिवाळीत अपडेटच्या आधी घेतला होता आणि विसरलो होतो. तो काढायचा म्हणजे अडीच महिन्यांत साचलेले सगळे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळायचे. टक्केवारीची पट्टी ५० मिनिटं सरकत होती. रात्रीचा डम्प, म्हणजे डेटाबेसची प्रत, दुसऱ्या मशीनवर सुखरूप पोहोचलाय, तेवढी खात्री मधल्या वेळात करून घेतली. तिकडे काटा क्लार्कने काट्याच्या डिस्प्लेवरचं वजन बघून हाताने पावत्या लिहायला घेतल्या. कापलेला ऊस उभ्या ट्रॉलीत सुकतो, वजन घटतं. शेतकऱ्याला सर्व्हरचं कारण सांगून भागत नाही.

डिस्क २०० ची झाली. लिनक्सला मात्र त्याचा पत्ता नव्हता. डिस्क पुन्हा तपासायला सांगितली, मग डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेने २०० दाखवले. पण आतलं पार्टिशन जुनंच. शेजारचं शेत विकत घेतलं तरी मधला बांध आपोआप सरकत नाही, तसं. बांध सरकवायचं काम ग्रोपार्ट या कमांडचं. त्याला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक वेगवेगळा, मध्ये जागा सोडून द्यावा लागतो; जोडून लिहिला की चिडतं. मी बरोबर लिहिलं, तरी नाही म्हणालं: टीएमपीमध्ये तात्पुरता फोल्डर बनवता येत नाही, जागा नाही. जागा वाढवणाऱ्या प्रोग्रामलाच काम सुरू करायला जागा हवी होती! पहाटे तीन वाजता याचं हसू आलं नाही. पोस्टग्रेस बंदच होता, म्हणजे नवीन काही भरत नव्हतं. यम या पॅकेज इन्स्टॉलरची कॅश पुसली, थोडे एमबी सुटले, ग्रोपार्ट मुकाट्याने चाललं.

पुढच्या दोन पायऱ्या सरळ. पीव्हीरिसाइजने एलव्हीएमला, म्हणजे डिस्कची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेला, कळलं की आपली जमीन वाढली, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे तिच्या सामायिक साठ्यात, १०० जीबी मोकळे दिसले. एलव्हीएक्सटेंडने ते सगळेच्या सगळे रूटला दिले. इथे थोडे राखून ठेवायला हवे होते. नंतर देता येतात, परत घेता येत नाहीत. त्या घाईत कोण राखतंय.

डीएफ अजूनही ९१. लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे रूटला मिळालेला वाटा, वाढला तरी फाइल सिस्टिमला वेगळं सांगावं लागतं. बोटांना सवय एक्सटी फोर या फाइल सिस्टिमची, तिची रिसाइज टू एफएस कमांड टाइप करून मोकळा. उत्तर आलं: सुपरब्लॉकमध्ये मॅजिक नंबर चुकीचा. पोटात गोळा आला. डेटाबेस गेला की काय? दोनदा खोल श्वास घेतला आणि फाइल सिस्टिमचा प्रकार बघितला. एक्सएफएस. सेंटओएस ७ इन्स्टॉल करताना वेगळं काही निवडलं नाही तर तेच मिळतं. चुकीच्या दारावर थाप मारली होती, बाकी काही बिघडलं नव्हतं. एक्सएफएसला वाढवायची कमांड निराळी, आणि तिला डिव्हाइस नाही, माउंट केलेली जागा सांगायची. म्हणजे नुसता रूटचा तिरका दांडा. सेकंदभरात रूट १९१ जीबी. सर्व्हर बंद करावा लागला नाही, काही अनमाउंट करावं लागलं नाही. एलव्हीएक्सटेंडलाच लहान आर जोडला असता तर फाइल सिस्टिम ओळखून हेही त्यानेच केलं असतं, आणि माझा तो गोळा वाचला असता.

चार वाजून पाच मिनिटांनी पावत्या सुरू झाल्या. आणि तेव्हा, पहिल्यांदा, मी कोणता फोल्डर किती जागा घेतो ते सांगणारं डीयू चालवून बघितलं की ही जागा खाल्ली कोणी.

पीजी वॉल फोल्डर, जिथे पोस्टग्रेस प्रत्येक बदलाची नोंद (वॉल) लिहितो: ६० जीबी. प्रत्येकी १६ एमबीच्या ३,८०० च्या वर फायली.

शुक्रवारी सकाळी दहाला मी चाचणीसाठी उभा केलेला स्टँडबाय, म्हणजे डेटाबेसची चालती नक्कल ठेवणारा, सर्व्हर बंद केला होता. त्याच्यासाठी मुख्य सर्व्हरवर बनवलेला रेप्लिकेशन स्लॉट काढायचा राहिला. तो स्लॉट असेतोवर पोस्टग्रेस इमानदारीने त्या मेलेल्या मशीनसाठी वॉल राखत बसतो. शिवाय आर्काइव्ह टाइमआउट, म्हणजे किती वेळाने वॉलची नवी फाइल सुरू करायची तो आकडा, मीच एक मिनिटावर ठेवला होता. काट्यावर रात्रंदिवस वर्दळ, त्यामुळे दर मिनिटाला एक नवी फाइल, १६ एमबी. दिवसाला २३ जीबीच्या आसपास. मोकळे झालेले २०० एमबी भागिले १६, आली बारा मिनिटं. उत्तर दोन वाजताच माझ्यासमोर होतं. त्या बारा मिनिटांत स्लॉट काढला असता तर डिस्कला हातही लावावा लागला नसता.

स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला (झालेले बदल डिस्कवर पक्के करायला सांगितले), आणि फायली झरझर गेल्या. वापर ३१ जीबीवर आला. १९१ पैकी ३१! एक्सएफएस वाढतं, पण घटत नाही. ते १०० जीबी आता कायमचे तिथेच.

८० टक्क्यांचा इशारा रविवारी सकाळीच मेलवर आला होता. बघितला सोमवारी. आता तो फोनवर येतो. रूटमध्ये दोन जीबीची एक निरुपयोगी फाइल बनवून ठेवली आहे. पुन्हा तशी वेळ आली तर आधी ती उडवायची आणि मिळालेल्या वेळात डीयू चालवायचं. पोस्टग्रेसची आवृत्ती तेव्हा १२ होती. १३ मध्ये स्लॉटसाठी किती वॉल राखायचं याला मर्यादा घालता येते, पण न सांगता ती लागू होत नाही. हंगाम संपल्यावर अपग्रेड केलं तेव्हा ती घातली.

सकाळी क्लार्क आणि मी फोनवर हाताने लिहिलेल्या ४१ पावत्या सिस्टिममध्ये भरल्या. चाळीस नीट गेल्या. एक मात्र सॉफ्टवेअर घेईचना, उसाचं वजन उणे येत होतं. भरल्या गाडीच्या रकान्यात रिकाम्या गाडीचं वजन लिहिलं होतं. "तीन वाजलं हुतं वो," तो म्हणाला. मी त्याला रिसाइज टू एफएसबद्दल काही बोललो नाही.