मामांचा तिसरा प्रश्न

रविवारी सकाळच्या एसटीनं मामा आले पन्हाळ्याकडच्या गावातून, हातात पिशवी, पिशवीत गुळाची ढेप आणि तिच्याखाली पोरीची कागदं, बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधारची झेरॉक्स. चहा व्हायच्या आधीच म्हणाले, "तू शिकलीयास, मला एवढं सांग, ही पदवी म्हणत्यात ती नेमकी काय असती, तीन वर्षांची का चार, आन् मधीच थांबली तर सगळं पाण्यात जातंय का?"

पहिले दोन प्रश्न सोपे होते, तिसऱ्याला मी थांबले.

कारण माझं पाण्यातच गेलं होतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि मी कॉलेज सोडून कोल्हापुरात उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये अकाउंटला लागले, बिलं, चलन, जीएसटी यातच सात वर्षं गेली. परत शिकायचं म्हणून कॉलेजच्या काउंटरवर गेले तर सांगितलं पॅटर्न बदललाय, पहिल्यापासून करा. एफ.वाय.ला सगळे विषय सुटलेले, मार्कशीट हातात, पण ती कुणी बघितलीसुद्धा नाही. ती तशीच पर्समध्ये घालून मी बसस्टॉपवर किती वेळ बसले होते मला आठवत नाही.

म्हणून मामांना सगळं नीट सांगितलं, आणि आज इथं पण लिहितेय कारण गावाकडून असेच प्रश्न घेऊन खूप लोक येतात आणि त्यांना कुणी धड सांगत नाही.

तर बारावीनंतर विद्यापीठाचा ठरलेला अभ्यास पूर्ण केला की विद्यापीठ जे प्रमाणपत्र देतं ती पदवी, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. वगैरे. कॉलेज कुठलंही असो, पदवीवर नाव विद्यापीठाचं, म्हणजे आपल्याकडं शिवाजी विद्यापीठाचं. हे 1962 ला सुरू झालं, त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडं होती आणि त्याच्याही आधी मुंबईकडं. मामांना वाटत होतं शेजारच्या पोरानं दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं म्हणजे त्याला पदवी मिळाली. तो डिप्लोमा, पदवी वेगळी. तो पोरगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, तिथलं पूर्ण केलं की मग तो पदवीधर. हा फरक पुढं फार नडतो, कारण एमपीएससी राज्यसेवेला पदवीच लागते, शाखा मात्र कुठलीही चालते.

आता तीन का चार? नवीन शैक्षणिक धोरणानं दोन्ही ठेवलंय. तीन वर्षांत पदवी मिळते, चौथं केलं तर ऑनर्स पदवी. इंजिनिअरिंग आधीपासूनच चार वर्षांचं आहे, आणि एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच.

आणि मधी थांबली तर, यासाठी मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडून घेतलं. आता सगळा हिशोब क्रेडिटचा, म्हणजे शिकून झालेल्या तासांच्या मापाचा आहे. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे साधारण 15 तास, प्रॅक्टिकल असेल तर 30. एका सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट, वर्षाला दोन सेमिस्टर म्हणजे 40 ते 44, आणि तीन वर्षांचे मिळून कमीत कमी 120 झाले की पदवी. मामांची डेअरी आहे त्यामुळं त्यांना लगेच कळलं, "म्हंजे सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं आन् पुस्तकात मांडायचं." अगदी तसंच मामा. हे पुस्तक म्हणजे एबीसी, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, आपल्या नावाचं ऑनलाइन खातं, त्याचा 12 आकडी अपार नंबर असतो. एक वर्ष करून थांबलं तर उन्हाळ्यात 4 क्रेडिटची इंटर्नशिप वगैरे करून सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनी थांबलं तर असंच करून डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची अशी मुदत आहे. हे माझ्या वेळी असतं आणि मी मुदतीत परत गेले असते तर माझं पहिलं वर्ष कुठं गेलं नसतं.

विषय राहिला तर एटीकेटी असते, म्हणजे पुढच्या वर्षाला जाऊन राहिलेला विषय नंतर सोडवता येतो, तेवढ्यावरून पोरीला घरी बसवू नका हे मी मामांना दोनदा सांगितलं. आणि फी. शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटी या सरकारी साइटवर फॉर्म भरता येतो, त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आत्ताच काढून ठेवा. ज्या राजानं 1901 ला बोर्डिंग काढलं आणि खेड्यातली पोरं शहरात आणून शिकवली त्याच्या नावाचा पैसा आहे हा, फॉर्म भरला नाही म्हणून तो बुडता कामा नये असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः शेवटी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची म्हणणारे खूप भेटतात, पण यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, 2022 मध्येच स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. फक्त कुठंही पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या साइटवर विद्यापीठाचं नाव बघायचं, बोगस विद्यापीठांची यादी पण तिथंच असते. तीन वर्षं रविवारी अभ्यासकेंद्र, रात्री भाकऱ्या झाल्या की पुस्तकं. पदवी हातात आली त्या दिवशी वडिलांनी चालत्या हाताच्या बोटानं माझं नाव सावकाश वाचलं, मग खालचं विद्यापीठाचं, मग परत माझं.

मामांनी कॅलेंडरचं पान घडी करून मार्कशीटच्या वर ठेवलं आणि दुपारच्या गाडीनं गेले. रात्री मामेबहिणीचा मेसेज आला, मोबाईलवर खातं उघडलं होतं, स्क्रीनशॉट पाठवलेला, अजून एकपण क्रेडिट नाही. खाली लिहिलं होतं, "ताई, पहिल्या सेमचे जमा झाले की आधी तुला दाखवते, मग पप्पांना."