स्टेअरिंगची थरथर अन् विटेवरचा खडू

आमचा पिकअप 2009 चा, टमाटे घेऊन पिंपळगाव मार्केटला जातो. गेल्या पावसाळ्यापासून 65 चा स्पीड गाठला की स्टेअरिंग थरथरायला लागायचं, 80 च्या पुढं परत जरा शांत. दादा म्हणायचे गाडीचं वय झालं, चालायचंच.

मी पहिलं काय केलं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन सरळ लावून घेतला. पैसे फुकट गेले, कारण अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते नाहीतर टायर कडेनं खाते, थरथर सहसा तिच्यानं येत नाही, हे नंतर कळलं. मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. रिमच्या आतून ढेकळं निघाली वाळलेल्या चिखलाची, म्हणलं हाच चोर, मशीनवर शून्य आलं, मी खुश. हायवेला लागलो तर थरथर थोडी कमी, पण होतीच.

मग एक दिवस खेप नव्हती तेव्हा शांतपणे बघितलं. ब्रेक मारला तरी वाढत नाही, म्हणजे डिस्क नसावी. मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून सोडली तरी येते, म्हणजे इंजिनकडं बघायला नको. सीट हलत नाही, हातच हलतात, म्हणजे पुढची चाकं.

मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक जॅकवर घेतलं अन् चासीखाली ठोकळा दिला (नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका राव). विटेवर खडू ठेवला, टोक टायरला लागेल न लागेल असं, अन् चाक हातानं हळूहळू फिरवलं. उजवं ठीक. डाव्याला एकाच जागी वीतभर पांढरा पट्टा उठला, बाकी टायर कोरा! हात फिरवला तर तिथं बारीक फुगवटा, आतली तार सुटलेली. मशीन वजन बघतं, गोलाई बघत नाही, म्हणून शून्य आलं होतं.

स्टेपनी टाकली, बारा आणे फरक. राहिलेले चार आणे टायरॉड एंडचे (स्टेअरिंगच्या दांड्याला चाकाशी जोडणारा सांधा) निघाले, चाक घड्याळाच्या नऊ अन् तीनला धरून हलवलं की खटखट वाजत होतं. तो बदलला की अलाइनमेंट परत करावीच लागते, म्हणजे तिथंच परत गेलो, तोच पोरगा, हसत होता.

आता दादा म्हणतात मागून घूंऽऽ आवाज येतोय. बेअरिंग असेल, रविवारी बघतो.