हजेरीपटावर नसलेले सर

या स्मरणिकेत शाळेच्या पंच्याहत्तर वर्षांतल्या शिक्षकांची यादी छापली जाणार आहे. तीत सरांचं नाव नसेल, कारण ते आपल्या शाळेत कधी नोकरीला नव्हतेच. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून १९८८ मध्ये निवृत्त झाले, गावी परतले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "शनिवारचे शेवटचे दोन तास मला द्या." पगाराचा प्रश्नच नव्हता. हेडमास्तरांनीही फार कागद न रंगवता ते तास देऊन टाकले.

सरांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, म्हणजे उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठात तेव्हा विज्ञानसुद्धा उर्दूतच शिकवत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते हैदराबादेत विद्यार्थी होते. त्या दिवसांबद्दल आम्ही खोदून खोदून विचारायचो. "मेसमध्ये चार दिवस नुसतं खिचडीवर होतो," यापुढे ते काही सांगत नसत. सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला मात्र दरवर्षी पहिल्या रांगेत असायचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

त्यांचा तास वर्गात फार कमी वेळा झाला. आम्हाला घेऊन ते शिवारात निघायचे. हातात मापाचा टेप, टेपाच्या टोकाला एक जड लोखंडी नट. विहिरीच्या काठावर पालथं झोपायचं, टेप सोडायचा, नट पाण्याला टेकला की आवाज येतो, तिथं आकडा वाचायचा. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं पुन्हा मोजायचा, दोन्ही जुळले तरच वहीत जायचा. त्या वह्या १९७२ पासूनच्या. त्या दुष्काळात सुट्टीला गावी आले असताना त्यांनी पहिल्यांदा मोजणी केली, आणि पुढं नोकरीभर मे महिन्यात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, अशी ती चुकवली नाही. सरकारी खातं निवडक विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं, पण त्यात आपल्या शिवारातली एखादीच विहीर येते. सरांना सगळ्या हव्या होत्या.

वहीतले आकडे उर्दू. लहानपणीची सवय, गणित आलं की हात आपोआप त्या अंकांकडे वळायचा. म्हणून आठवीत आम्हाला पाढ्यांसारखे ते दहा अंक पाठ करावे लागले.

विहीर मोजता मोजताच खडकाचा पाठ व्हायचा. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, त्याखाली काळा पाषाण, आणि मधेच कुठं तांबडा गेरूचा पट्टा. लाव्हा एकदाच नाही, थरावर थर वाहत आला, हे त्या पट्ट्यावर बोट ठेवून ते दाखवायचे. काळा पाषाण पाणी धरत नाही, धरतात त्या त्याच्या भेगा. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक मे महिन्यात उपसत नाही आणि दुसरी संक्रांतीलाच तळ दाखवते. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मोटार जळली, वायरच खराब होती." मी आधी विचारतो, विहिरीला पाणी किती होतं? ही खोड सरांची.

शेतकरी त्यांना गाठून विचारायचे, "सर, पाणी कुठं लागंल तेवढं सांगा की." सर म्हणायचे, "ते पाणाड्याला विचारा. किती उरलंय ते मी सांगतो." गावच्या पाणाड्याशी त्यांचं चांगलं जमायचं, याचं शिकलेल्या लोकांना नवल वाटे. "त्याचा नारळ सोडून द्या, नजर बघा. उंबर कुठं, वारूळ कुठं, उतार कसा, हे तो नारळ काढायच्या आधीच बघून घेतो."

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही दहावीत होतो. आपल्या गावात भिंतींना भेगा गेल्या, पण जड माळवदाच्या घरांत कुणी झोपायला तयार होईना. त्यात अफवा उठली की जमिनीखाली ज्वालामुखी आहे, फुटणार. पासष्टीचे सर पुढचे कित्येक दिवस गल्लोगल्ली फिरून पारावर, मशिदीच्या ओट्यावर बसून एकच गोष्ट सांगत राहिले: इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालाय, भीती त्याची नाही, तुमच्या छतावरच्या मातीची आहे. लोकांना पहिलं वाक्य आवडायचं, दुसरं नाही. काही जणांनी तरी माळवद उतरवून पत्रे टाकले.

सरांच्या कामसूपणाचं कौतुक सभांमधून फार झालं. मला त्यात एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते. काकू म्हणायच्या, "कॉलेजात होते तेव्हा रविवारी तरी घरात दिसायचे." मुलाच्या साखरपुड्याला ते चिखलाच्या पायांनी उशिरा पोचले होते. धाकट्या भावानं पाच एकर ऊस लावला तेव्हा सरांनी वह्या पुढं टाकून दहा वर्षांचे आकडे वाचून दाखवले. भावानं ऊस मोडला नाही, बोलणं मोडलं. दोन घरांत कित्येक वर्षं जाणं-येणं नव्हतं. २०१६ च्या एप्रिलात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडून मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या महिन्यात भाऊ स्वतः सरांच्या ओट्यावर येऊन बसला. सरांनी उसाचा विषय काढला नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "चल, तुझी विहीर मोजायची राहिली होती."

ऐंशीपर्यंत सायकल, मग लुना, मग आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या मोटारसायकलीचं मागचं सीट. नव्वदी ओलांडल्यावर काठावर झोपणं बंद झालं. खुर्ची टाकून बसायचे, मुलांनी ओरडून सांगितलेला आकडा लिहून घ्यायचे आणि दुसरा आकडा येईपर्यंत पेन उचलायचे नाहीत. २०२३ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

वह्या आता शाळेच्या वाचनालयात आहेत. भूगोलाच्या बाई नववीच्या मुलांकडून त्यातले आकडे मराठीत उतरवून घेत आहेत. १९९० पर्यंतचे झाले आहेत. पुढच्या काही वह्यांवर पाणी सांडून शाई पसरली आहे, त्यांतले उर्दू अंक वाचता येणारे आमच्या पिढीचे कुणी असतील तर शनिवारी सकाळी शाळेत यावं. मोजणी चालू आहे. यंदाच्या मे महिन्यात बाजारतळाचा आड यादीतून काढावा लागला, तो बुजवून त्यावर गाळे बांधलेत.