नवोदयची बारावी संपते तेव्हा

मार्चअखेर नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो आणि कर्नाटकातल्या आमच्या निपाणी-चिकोडी भागात गावोगावी फ्लेक्स झळकतात. मधोमध दहा-अकरा वर्षांच्या पोराचा पासपोर्ट फोटो मोठा केलेला, भोवती आजी-आजोबा, चुलते, मामा, तरुण मंडळ, सगळे शुभेच्छुक. मी सरकारी मराठी शाळेत पाचवीला शिकवते. असा फ्लेक्स दिसला की मलाही फार बरं वाटतं, कारण त्या पोरानं किती घासलंय ते मी बघितलेलं असतं. पण तेच पोर सात वर्षांनी बारावी करून परत येतं तेव्हा गावात कुणाच्या ध्यानातही नसतं. यंदा आमची लेक कोथळीच्या नवोदयमधून बारावी संपवून आली. रिक्षातून पेटी उतरवत होतो, तर शेजारच्या काकी म्हणाल्या, "सुट्टीला आलीस व्हय गं?"

काकींचं काही चुकलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षाच्या शेवटी त्या शाळेत काय काय घडतं, पोरं कोणकोणते टप्पे ओलांडतात, हे बाहेर फारसं कळतच नाही. म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयं देशभर उभी राहिली. अगदी पहिली दोन त्याच्या आधीच, 1985-86 ला, हरियाणात झज्जर आणि महाराष्ट्रात अमरावती इथं सुरू झाली होती. शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं. निदान 75 टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण, त्यातले निम्मे गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीला. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दुसऱ्यांदा बसता येत नाही. ही शेवटची अट मला पाचवीच्या वर्गात उभं राहून सांगावी लागते, आणि दरवर्षी ती सांगताना माझा आवाज जड होतो.

आता वर्षअखेरीचं. माझ्या मते नवोदयमधला सगळ्यात मोठा टप्पा नववीचा शेवट आहे. बाहेरच्या शाळांत नववीला कोण विचारतं? पण इथं नववीतल्या 30 टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. हिंदी प्रदेशातली मुलं आपल्याकडं येतात, आपली तिकडं जातात. मायग्रेशन म्हणतात त्याला. चौदा वर्षांचं पोर, आई-बाप हजार मैलांवर, महिन्यातून एका रविवारी पालकांना भेटू देतात, तेव्हाही भेटायला कुणीच येणार नाही.

आमच्या लेकीचा नंबर त्यात लागला. तिला गाडीत बसवून आले आणि पुढच्या पालक-भेटीच्या रविवारी, ती तिथं नसताना, मी डबा घेऊन कोथळीला गेले. उत्तरेतून आलेल्या मुली झाडाखाली एका कडेला बसल्या होत्या. सगळ्यांच्या आया डबे सोडत होत्या, पोरी आईच्या हातचं खात होत्या आणि या मुली वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी आणि घरचं दही. भाकरी त्यांनी आधी नुसतीच उलटसुलट करून बघितली. एकीनं विचारलं, "आंटीजी, ये किस चीज़ की है?" दिवाळी झाल्यावर तीच पोरगी खर्डा मागून घ्यायला लागली आणि आंटीजीची काकू कधी झाली ते मलाही कळलं नाही. आमच्या गावातल्या आणखी दोन आया मग माझ्याबरोबर यायला लागल्या. वर्षभर आम्ही जमेल तसं आलटून पालटून गेलो.

वर्ष संपताना या मुलांना शाळेत निरोप देतात. त्या पोरीनं व्यासपीठावर कन्नडमध्ये भाषण केलं. पाठ केलेलं होतं, ‘ळ’ म्हणताना जीभ अडखळत होती, पण मध्येच थांबून तिनं एक वाक्य मराठीत म्हटलं, "काकू, तुमची भाकरी मी आईला सांगितली आहे." माझ्या शेजारी बसलेल्या चिकोडीच्या एका कन्नड बाईंनी माझा हात धरला. आम्ही दोघी रडलो.

मी सीमाभागात जन्मले. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, आम्ही इकडं राहिलो, आणि त्यानंतर भाषेवरून इथं काय काय झालं ते घराघरात माहीत आहे. माझे वडील मोर्च्यांना जायचे. आमची मराठी शाळा टिकावी म्हणून मी आजही दारोदार फिरून पट गोळा करते आणि करत राहणार. माझी लेक परीक्षेला मराठीतून बसली आणि आज ती कन्नडमध्ये निबंध लिहिते, हिंदीत सूत्रसंचालन करते. मला या सगळ्याचा अभिमान आहे, आणि त्यातलं काही सोडून द्यावं लागलं असं मला कधी वाटलं नाही.

तिकडून आमची पोरं परत आली तो दिवस सांगते. निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्सप्रेस मिरजेला यायची होती. आम्ही पाच-सहा घरं मिळून गाडी केली होती. प्लॅटफॉर्मवर सगळ्यांच्या हातात काही ना काही, केळी, थर्मासमध्ये दूध, कुणी गोकाकचं करदंट आणलेलं. पोरं उतरली तेव्हा आधी ओळखूच येईनात. उंच झाली होती, गालफडं बसली होती, आपसात हिंदीत बोलत होती. आमच्या लेकीनं पिशवीतून आधी एक काचेची बरणी काढून माझ्या हातात दिली. भरल्या लाल मिरच्यांचं लोणचं, फडक्यानं तोंड घट्ट बांधलेलं, तरी मोहरीचं तेल फडक्याला पाझरलं होतं. तिथल्या एका मैत्रिणीच्या आईनं दिलं होतं. ती बाई दर भेटीला आमच्या लेकीसाठी वेगळा डबा आणायची. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी इथं कुणाच्या तरी लेकीला भाकरी भरवत होते आणि तिथं कुणीतरी माझ्या लेकीला पुरी-भाजी. त्या माऊलीला मी अजून भेटलेले नाही. फोनवर बोललो, तिची बोली मला अर्धी कळली, माझं हिंदी तिला अर्धं कळलं, पण बोलणं अर्धा तास चाललं.

दहावीचं लवकर सांगून मोकळी होते. तिथं बोर्ड सीबीएसईचं, त्यामुळं गावात कुणी "एसएसएलसीला (कर्नाटक बोर्डाच्या दहावीला) किती पडले?" विचारलं की समजावून सांगावं लागतं. दहावीनंतर बरीच मुलं शाळा सोडतात. कुणी बेळगावला अकरावी-बारावीच्या पीयू कॉलेजला, कुणी कोल्हापूर, लातूरला नीट-जेईईच्या क्लासला. पाच वर्षं एका खोलीत झोपलेल्या पोरी तिथं फुटतात. त्यांचा वेगळा असा समारंभ होत नाही. परीक्षा संपते आणि पेट्या निघतात. मला हे खटकतं. दहावीनंतर जाणाऱ्यांनाही चार शब्द बोलून, हातात एक फूल देऊन वाटेला लावावं, असं मी पालक-शिक्षक समितीत सुचवलं आहे.

बारावीचा सेंडॉफ मात्र अकरावीची मुलं जीव ओतून करतात. बोर्डाचे पेपर फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात, म्हणून सेंडॉफ त्याआधीच होतो. समितीवर असल्यामुळं यंदा मला बोलावणं होतं. सभागृहात क्रेपच्या पताका, फळ्यावर रंगीत खडूनं काढलेली चार घरांची, म्हणजे मुलांच्या चार गटांची, नावं, अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. बारावीच्या मुली साड्या नेसून रांगेनं आत आल्या. आमची लेक माझ्या लग्नातल्या इरकलीत होती. निऱ्या तिच्या मैत्रिणींनी घातल्या होत्या, पदराला सात-आठ पिना. घरकप्तानांनी आपापल्या घराचा झेंडा अकरावीच्या हातात दिला. मग प्रत्येकासाठी अकरावीनं लिहिलेल्या दोन-दोन ओळी वाचल्या. एका मुलाबद्दल लिहिलं होतं, "सहावीतल्या कोण रडत असेल तर याच्या खोलीत पाठवायचे." त्या मुलानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सभागृहाच्या मागच्या रांगेतून छोटी मुलं "भैया, भैया" ओरडत होती.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. भाषणं झाल्यावर बारावीच्या मुली व्यासपीठावरून खाली उतरल्या, सरळ मेसमध्ये गेल्या आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हाताला धरून घेऊन आल्या. मावशींच्या हाताला कणीक तशीच. त्या "नको गं, नको, पुऱ्या राहिल्यात" म्हणत होत्या. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि पहिला गुलाब त्यांना दिला. मावशी माइकवर एवढंच म्हणाल्या, "ही पोरं सहावीत आली तवा भात टाकून उठायची. आता दोनदा मागून घेतात. तेवढं बास झालं मला." प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळं सभागृह उभं राहिलं.

एप्रिलच्या सुरुवातीला शेवटचा पेपर झाला आणि आम्ही तिला आणायला गेलो. गादी, पेटी, पुस्तकांचं गाठोडं गाडीत गेलं. बादली मात्र तिनं आणली नाही. वसतिगृहात प्रत्येकीच्या बादलीवर नेलपॉलिशनं नाव-नंबर लिहितात. हिच्या निळ्या बादलीवर आधीच्या एका दीदीचं नाव खरवडून काढल्याच्या खुणा होत्या, त्यावर लाल रंगात हिचं. वऱ्हांड्यात बसून हिनं आपलं नाव ब्लेडनं खरवडलं आणि सहावीतल्या एका मुलीला म्हणाली, "आता तू लिही." ती पोरगी जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपून, कन्नडमध्ये आपलं नाव लिहीत होती. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी तिचं नाव पूर्ण होईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

आमच्याकडं कर्नाटकात शाळांचं वर्ष 10 एप्रिलच्या सुमाराला संपतं. त्या दिवशी आमच्या शाळेत निकालपत्रकं वाटतो. यंदा मी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या, अध्यक्षांना आधीच भेटून सांगितलं होतं, की गावातली जी दोन मुलं नवोदयमधून बारावी होऊन आलीत, त्यांचा सत्कार आपल्या शाळेत व्हायला पाहिजे, कारण पाचवीपर्यंत ती आपलीच होती. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. गावात दवंडी दिली. आणि मी आणखी एक आग्रह धरला, की यंदा नवोदयच्या परीक्षेला बसलेल्या पाचवीच्या प्रत्येक मुलालाही पुढं बोलवायचं, नंबर लागला असो वा नसो. वर्षभर शाळा सुटल्यावर थांबून आकृत्या सोडवल्यात त्यांनी. नारळ, गुलाब आणि एकेक कंपासपेटी. शेजारच्या काकीही आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या, आणि आमच्या लेकीला शाल घालायचा मान मी त्यांनाच दिला.

लेकीनं भाषण केलं नाही. ती मुलांत खाली बसली आणि म्हणाली, विचारा. पोरांनी विचारलं ते फार खरं होतं. तिथं रात्री भीती वाटते का? मराठीत बोललं तर चालतं का? चहा देतात का? मग यंदा थोडक्यात राहून गेलेल्या एका मुलानं हात वर केला. "दीदी, आता माझं कायमचं गेलं का?"

तिनं त्याला जे सांगितलं ते सगळ्या पालकांनी लिहून ठेवावं. सहावीची संधी एकदाच, हे खरं. पण मुलं सोडून गेल्यामुळं नवोदयमध्ये वरच्या वर्गांत जागा रिकाम्या होतात आणि त्या भरायला नववी आणि अकरावीसाठी वेगळी निवडपरीक्षा असते. नववीसाठी आठवीत शिकत असताना अर्ज करायचा. जागा थोड्या असतात, पण असतात. त्या मुलाची आई मागं उभी होती. तिनं मला कार्यक्रम संपायच्या आधीच गाठलं.

सुट्टी संपली की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचा वर्ग सुरू करतेय, आमच्याच शाळेच्या खोलीत. पैसे काही नाहीत. लेक पुढच्या प्रवेशाचं ठरेपर्यंत घरी आहे, तोवर इंग्रजी ती घेणार आहे. शेजारच्या गावांतली मुलं आली तरी चालतील, कन्नड शाळेतली आली तरी चालतील. येताना डबा आणा म्हणावं, दुपार होते.